ताशी नव्वदची होडी

आमच्या शेडमधल्या गोष्टी सांगायला कुणी मुद्दाम बसत नाही. एखाद्या लग्नात जेवणाच्या रांगेत आमच्यातले दोघं मागे-पुढे उभे राहिले, की तिसरा ताट घेऊन आपोआप येतो आणि विचारतो, "ती सुपाची सांगितली का?" झालं! रांग पुढे निघून जाते, आम्ही तिथेच.

शेड भालूदादांची, बोईसरच्या एमआयडीसीत. केमिकल कंपन्यांसाठी फायबरच्या टाक्या बनवायच्या. मी ड्रॉइंग काढते, रामसजीवन वेल्डिंग करतो आणि भालूदादा फिरत असतात. पंचावन्न वर्षांच्या या माणसाला एक कप चहा बसून संपवताना मी अजून पाहिलेलं नाही.

एका दुपारी त्यांनी मोबाइलवर पाण्यावरच्या वेगाच्या जागतिक विक्रमाचा व्हिडिओ बघितला. ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाने घरामागच्या अंगणात लाकडाची होडी बांधली, तिला जेट विमानाचं जुनं इंजिन लावलं आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या वर पळवली. ते रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेलं नाही.

दादांनी व्हिडिओ चार वेळा बघितला. मग समोरच्या टाकीवर थाप मारून म्हणाले, "मंजू, इतकी वर्षं टाक्या बनवतोय. टाकी कुठं जात नाय गं!"

त्या संध्याकाळी घरी वसुधावहिनींना त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी जगातली सगळ्यात वेगवान होडी बांधणार हाय."

वहिनींनी भाजी चिरता चिरता मानही वर केली नाही. "आधी चिंचणीहून बोईसरला वेळेवर पोचा!"

*

मी कॅल्क्युलेटर काढून पाचशे जमणार नाही हे दाखवलं, दादा चिडले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी तडजोड झाली. पाचशे नंतर, आधी ताशी नव्वद.

होडीचा सांगाडा उभा राहिला तेव्हा दातिवऱ्याहून मधुकाका तांडेलांना बोलावलं. दादांचे जुने दोस्त, उभा जन्म समुद्रावर गेलेला. होडी पुढून रुंद, दोन बाजूंना दोन पोकळ तरंगते फ्लोट, मागे निमुळती शेपटी. दादा हातवारे करत सांगत होते, "वेगात आली ना मधू, की फक्त तीन ठिकाणी पाण्याला टेकणार. बाकी सगळी हवेत!"

मधुकाकांनी होडीभोवती एक फेरी मारली. वाकून खालून बघितलं.

"तीन ठिकानी टेकते?"

"तीनच!"

"मंग ही होडी नाय भालू. ही रिक्षा हाय."

त्या दिवसापासून शेडमध्ये तिला कुणी होडी म्हणालं नाही.

*

होडीच्या मागे अडकवायचं एक जुनं इंजिन मिळालं. ते तपासायला खाडीवर कोण जाणार? दादांना तेवढा धीर नव्हता. एका रिजेक्ट झालेल्या टाकीत पाणी भरलं, काठावर इंजिन अडकवलं आणि रामसजीवनला सांगितलं, "मार!"

टाकी सरकवायला तिच्याखाली पाईप घातले होते, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. इंजिन गरजलं, पाण्याचा लोट काठावरून मागे उडाला आणि टाकी हळूहळू दरवाज्याकडे निघाली.

रामसजीवन ओरडला, "दादा, टंकी चल पड़ी!"

मी मेन स्विच शोधत होते. इंजिन पेट्रोलचं आहे, हे त्या घाईत कुणाला सुचणार? आणि दादा टाकीबरोबर चालत ओरडत होते, "मंजू, टायमिंग घे! टायमिंग!"

*

मग परवानगीची भानगड. दादा आणि मी एका सरकारी ऑफिसात गेलो. फॉर्मवर रकाना होता, 'नौकेचा उपयोग'. मासेमारी, प्रवासी, मालवाहू, इतर. दादांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'वेग'.

क्लार्कने चष्मा कपाळावर चढवला. फॉर्म वाचला. परत वाचला. मग अगदी मनापासून विचारलं, "वेग म्हणजे कुठला मासा?"

*

आता सुपाची.

असले विक्रम करायला गेलेल्यांपैकी बरेच जण परत आले नाहीत, हे मी कुठेतरी वाचलं आणि वहिनींसमोर बोलून बसले. वहिनींनी दादांना पडवीत बोलावलं. "काय होतं त्यांचं? मला नीट समजावून सांगा."

दादांना समजावून सांगायला फार आवडतं. ते आतून सूप घेऊन आले. टेबलफॅन फुल केला. सूप पंख्यासमोर आडवं धरून म्हणाले, "हे बघ, असं सपाट हाय तोवर काय धोका नाय. पण पुढचं तोंड जरा उचललं, आणि खाली वारा शिरला, की..."

सूप हातातून सुटलं, गिरकी घेऊन थेट वाशाला आपटलं आणि उलटं होऊन माझ्या पायाशी पडलं.

दादा खूश! "बघितलंस?"

वहिनींनी सूप उचललं. "आणि यात तुम्ही कुठं बसणार?"

दादांनी हसत हसत सुपाच्या मधोमध बोट ठेवलं. मग त्यांचं हसणं थांबलं. वहिनी सूप घेऊन आत गेल्या. त्या दिवशी दादा जेवायला पूर्ण वेळ बसले होते म्हणे!

*

जागतिक विक्रमाला एक नियम असतो. ठरलेलं अंतर एकदा कापून चालत नाही. तेच अंतर लगेच उलट दिशेने परत कापायचं, मग सरासरी धरतात. दादांना हा नियम अजिबात पटत नव्हता. एवढ्या जोरात गेल्यावर परत कशाला यायचं?

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या या अख्ख्या उद्योगात मला हा एकच नियम आवडला!"

*

शेवटी दातिवऱ्याच्या खाडीत, एका सकाळी, पाणी भरून स्थिर झालेलं असताना रिक्षा दादांना घेऊन पाण्यात उतरली. अर्ध्या किलोमीटरवर दोन बांबू रोवले होते. वीस सेकंदांच्या आत पार केलं, की ताशी नव्वद. दुसऱ्या बांबूजवळ मधुकाकांच्या होडीत आम्ही तिघं होतो. मधुकाका, स्टॉपवॉच घेऊन मी आणि वहिनी. येणार नाही, येणार नाही म्हणत वहिनी पहाटे सगळ्यांच्या आधी तयार होत्या.

पहिल्या बांबूजवळून रामसजीवनने, वेळ सुरू करायची खूण म्हणून, लाल फडकं खाली केलं. रिक्षा आली. इंजिनचा आवाज आधी कानात, मग पोटात. मधेच तिचं तोंड उचललं. खाली बसलं. परत उचललं. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. रिक्षा दुसरा बांबू ओलांडून गेली आणि पुढच्याच क्षणी हवेत उलटी झाली.

मधुकाकांनी होडी अशी घातली, की मला ती वळलेली दिसलीच नाही. हेल्मेट वर आलं. काकांनी दादांना काखेत धरून आत ओढलं. कपाळातून रक्त, एक हात लोंबकळत होता. ओठ निळे.

"भालू! भालू, बोल रं!"

दादांनी खोकून पाणी काढलं. डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं.

"किती?"

मी स्टॉपवॉचकडे बघितलं. सगळी शून्यं. बटण दाबलंच गेलं नव्हतं.

"एकोणीस सेकंद, दादा," मी म्हणाले.

वहिनी माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेतलं. त्या शून्यांकडे बघितलं. मग पदराने दादांच्या कपाळावरचं रक्त पुसत माझ्यावर डाफरल्या,

"एकोणीस पॉइंट चार! रेकॉर्ड हाय ना? नीट सांगावं माणसानं!"