फरिदाचा चुकलेला शब्द

मस्कतच्या गोदामात चोवीस वर्षं स्टोअरकीपरची नोकरी करून वहाब बोर्लीला परतला, तेव्हा त्याच्या सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. तरुणपणी माणगावच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत असताना बाप गेला आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं. ते मनाला लागून राहिलं होतं. परतल्यावर त्यानं घरबसल्या बी.ए. पुरं केलं, एम.ए.ला नाव घातलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रबंधाला विषय घेतला: विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा उगम आणि विकास.

बायको फरिदा सातवी शिकलेली. जे वाचायचा ते तो तिला दुपारी समजावून सांगायचा.

"सव्वाशे वर्षांपूर्वीची ही माणसं. ती म्हणाली, आधी भाषा नीट उलगडा, निम्मे वाद उरणारच नाहीत. त्यातल्या काहींना वाटायचं, शब्द म्हणजे वस्तूला लावलेलं लेबल."

कोळंबी सोलता सोलता फरिदा म्हणाली, "मंग 'न्हाय' हे कशाचं लेबल?"

वहाब हसला आणि मग त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं. याच प्रश्नापायी त्या विद्वानांनी वर्षंच्या वर्षं घालवली होती. त्यानं तो प्रश्न तिच्या नावासकट प्रबंधात घातला.

शेवटचं प्रकरण चालू होतं. लेबलाची कल्पना सोडून पुढच्या लोकांनी शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधला, ते तो लिहीत होता. सकाळचे सव्वानऊ वाजले असतील. फरिदा चुलीजवळून म्हणाली, "अवो, ती चावी द्या. कालवण ढवळायचंय."

वहाबनं चमचा दिला आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, शब्द चुकला तरी मला कळलं!" तीही हसली. त्यानं लगेच वहीत तारीख, वेळ घालून उदाहरण टिपून घेतलं आणि पुन्हा लिहायला बसला.

साडेअकराला तो पाणी प्यायला उठला, तर फरिदा मोरीपाशी पडलेली. माणगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दीड वाजला. डॉक्टरांनी मेंदूचा झटका असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "बोलणं कधी बिघडलं?" त्यानं खरं ते सांगितलं.

"तेव्हाच आणलं असतंत तर..." डॉक्टर म्हणाले.

मुलगी जवेरिया बहरीनला नर्स होती. तिनंही फोनवर हेच विचारलं. तिच्याशी मात्र वहाब खोटं बोलला. "पडली तेव्हाच, बेटा."

फरिदा आठ महिने जगली. उजवी बाजू गेलेली, आणि तोंडात एकच शब्द उरलेला, न्हाय. भूक लागली तरी न्हाय, कूस बदलायची तरी न्हाय, वहाब शेजारून उठला तरी न्हाय. सुरावरून तो ओळखायला शिकला. कधीकधी ओळखू यायचं नाही, मग ती तोच शब्द पुन्हापुन्हा म्हणायची आणि रडायची. त्या महिन्यांत त्यानं एकही पुस्तक उघडलं नाही. फेब्रुवारीत दुसरा झटका आला आणि ती गेली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला जवेरिया आली. पाहुणे पांगल्यावर वहाबनं वही त्या सकाळचं पान उघडून तिच्या हातात दिली. तिनं ते पान वाचलं.

"सव्वानऊ? आणि तुम्ही हे लिहीत बसलात?"

"व्हय."

"अब्बा, मी नर्स आहे. मला नुसता फोन केला असतात तरी..."

ती ते पान पुन्हा वाचू लागली. मग तिनं विचारलं, "अम्मी हसली होती तेव्हा?"

"हसली. हसताना तोंड एका बाजूला गेलं होतं. आता डोळ्यांपुढं येतं. तेव्हा मी शब्दाकडं बघत होतो."

जवेरिया आत जाऊन आईच्या खाटेवर पडली आणि मोठ्यानं रडली. वहाब दाराबाहेर उभा राहिला. आत जायचा धीर त्याला झाला नाही.

दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. निघायच्या सकाळी एसटीची वाट बघताना ती म्हणाली, "एकच प्रकरण उरलंय ना? तेवढं लिहून टाका, अब्बा."

"बघतो," वहाब म्हणाला.

जूनअखेर प्रबंधाची मुदत होती. विद्यापीठाचे दोन मेसेज येऊन गेले. वहाबनं ते वाचले, पण प्रकरण लिहायला घेतलं नाही.