चंदनाभाभींची सफाई

कारंजा लाडच्या बाजारओळीत, धान्याच्या एका अडतीला लागून, चंदनाभाभींचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर नाव पतीचे. ते जाऊन बरीच वर्षे झाली. पाटी बदलावी असे भाभींना सुरुवातीला वाटले नाही आणि आता तेवढा उत्साह उरलेला नाही. साठीला टेकलेल्या या बाईचा दिवस पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसणाऱ्यांची मान सरळ करण्यात जातो. भरतीचे अर्ज भरणारी मुले, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेले म्हातारे, स्थळांसाठी फोटो काढायला आलेल्या मुली. फोटो काढणे हे त्यातले सोपे काम. खरे काम नंतरचे, आणि त्याला गावात एकच शब्द आहे: सफाई. वांग, देवीचे व्रण, कपाळावरची तेलकट चमक, डोळ्यांखालचा काळेपणा, हे सारे संगणकावर पुसले जाते. “भाभी, सफाई करजा बरं चांगली,” असे बजावल्याशिवाय गिऱ्हाईक उठत नाही. एका मुलीच्या वडिलांनी तर सफाई झालेला फोटो पाहून विचारले होते, “पोरगी आमचीच हाय ना?” भाभींनी न हसता उत्तर दिले, “घरी नेऊन ताडून पाहा.”

या कामाचा शीण घालवण्यासाठी भाभी दर हिवाळ्यात गावाबाहेरच्या गवताळ अभयारण्यात जात. पतीने हौसेने घेतलेली जुनी लांब लेन्स कपाटात पडून होती. ती घेऊन त्या एका रविवारी सफारीच्या गाडीत बसल्या आणि मग बसतच राहिल्या. गाडी चालवणारा गोविंदसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. भाभी एवढे पैसे आणि कष्ट घालून काळविटांचे फोटो का काढतात, हे कोडे त्याला सुटत नसे. “काळवीट फोटो पायले मांगत नाही, म्हनून,” एवढेच त्या सांगत.

पावसाळ्यात मात्र त्या फिरकत नसत. पर्यटकांच्या फेऱ्या बंद असत, उजेड मेलेला असे, ओलीने लेन्सच्या आत बुरशी धरे. शिवाय जैन घरातला चौमासा. ओल्या गवतात असंख्य जीव असतात, विनाकारण फिरू नये, हे घरात सांगावेही लागत नसे. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, अंगुरीबाई, त्या चार महिन्यांत मंदिराचा रस्ताही खाली पाहत चालत.

अशा एका श्रावणात वनरक्षक राखी भिजतच दुकानात आली. रेनकोट काढण्याआधीच तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर राखाडी पावसात एक काळा ठिपका होता.

“हा काळवीट हाय, भाभी. शिंगात जाळी अडकली.”

“मले तर टाइपरायटरच्या शाईचा डाग दिसून राह्यला.”

“म्हनूनच आली ना तुमच्याकडं.”

रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरू नयेत म्हणून बांधावर नायलॉनची जाळी लावतात. तिचा एक तुकडा या नराने शिंगांत ओढून नेला होता. बाहेरगावच्या बचाव पथकाचे डॉक्टर यायला तयार होते, पण आधी त्यांना एका प्रश्नाचे उत्तर हवे होते: जाळी फक्त शिंगांत आहे, की तोंडाभोवतीही आवळली आहे? शिंगांत असेल तर ती आज ना उद्या झुडपांत घासून निघेल. तसल्या जनावराला पकडायला जाणे म्हणजे भीतीनेच त्याला मारणे. तोंड बांधले गेले असेल तर न पकडणे म्हणजे उपाशी मारणे. निर्णय फोटोवर होणार होता.

अंगुरीबाई आतून ऐकत होत्या. “एका जीवापायी ओल्या गवतात गाडी घालशीन? चाकाखाली किती जीव येतीन, त्याचा फोटो कोन काढन?”

भाभींनी लेन्सचे कपाट उघडले. “आई, त्याचं तोंड बांधलं असंन तर?”

म्हातारीची जपमाळ थांबली. “मंग तो उपास त्यानं घेतला नाही. त्याच्यावर लादला कोनं तरी,” त्या म्हणाल्या. “जा. पन गोविंदसिंगले म्हन, गाडी सावकाश हाक.”

गोविंदसिंगने गाडी खरोखरच सावकाश हाकली, कारण काळ्या मातीत दुसरा उपाय नव्हता. कॅमेऱ्यावर भाभींनी साखरेची पिशवी कापून चढवली होती. लेन्स टेकवायला खिडकीवर हरभऱ्याची थैली ठेवायची त्यांची नेहमीची पद्धत. पण गेल्या हिवाळ्यापासून ती गाडीतच पडून होती आणि ओलीने आतल्या हरभऱ्यांना मोड आले होते.

“कॅमेऱ्याखाली शेती करून राह्यले का, भाभी?” गोविंदसिंगने विचारले. थैली मागे गेली, त्याचा टॉवेल गुंडाळी होऊन पुढे आला.

चार नरांचा छोटा कळप गवताच्या पलीकडे पाठ करून उभा होता. उजेड इतका कमी की कॅमेऱ्याची संवेदनशीलता शेवटपर्यंत वाढवावी लागली. अशा वेळी चित्र उमटते, पण त्यात दाणे येतात: रवा सांडावा तसे रंगीत कण, आकाशात, गवतात, जनावराच्या कातडीवर. जाळीवाला नर एकदाच वळला. भाभींनी बटण दाबून धरले. तेवढ्यात सर आली आणि सगळे संपले.

दुकानात परतून त्यांनी फोटो संगणकावर घेतले. कंबर दुखत होती, ओले लुगडे पायांना चिकटत होते. पडद्यावरचे फोटो पाहून त्यांना लाजच वाटली. इतक्या वर्षांच्या धंद्यात असा घाणेरडा फोटो त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता. त्यांचा हात सवयीने तिथे गेला, जिथे तो रोज जातो. दाणे विरघळले. गवत मऊ झाले, काळविटाची कातडी मखमलीसारखी उठून आली, डोळ्याभोवतीचे पांढरे वर्तुळ स्वच्छ झाले. त्यांनी फोटो पाठवला.

डॉक्टरांचे उत्तर लगेच आले. “अप्रतिम फोटो आहे, ताई. जाळी फक्त शिंगांत दिसते, तोंड मोकळं आहे. हात लावायला नको. निसर्गाला त्याचं काम करू द्या.” भाभींनी ते अंगुरीबाईंना वाचून दाखवले आणि ‘अप्रतिम’ हा शब्द, थकलेल्या असूनही, पुन्हा एकदा स्वतःसाठी वाचला.

त्या आठवड्याच्या शेवटी गोविंदसिंग लेकीचा फोटो न्यायला आला. पाकीट घेतले तरी जाईना.

“काय झालं?”

“काई नाही. तो नर मागं मागं राहून राह्यला. बाकीचे चरते, हा तोंड खाली घालते अन् तसाच उभा राह्यते.”

“डॉक्टर म्हनते तोंड मोकळं हाय.”

“असंन. डॉक्टरच ते. मले वाटलं सांगावं.”

तो गेल्यावर भाभींनी मूळ फोटो उघडला. तो संगणकावरून काढून टाकलेला नव्हता, हे केवळ आळसामुळे. दाण्यांनी भरलेल्या त्या मळकट चित्रात, नाकपुडीच्या जरा वर, थुंकीसारखी फिकट एक रेघ होती. जबड्याला वळसा घालून ती गालावर जात होती आणि तिथून शिंगाकडे. मग त्यांनी साफ केलेला फोटो शेजारी लावला. तिथे मखमल होती. यंत्राला दाणा आणि दोरा यांतला फरक कळत नव्हता. बारीक, विस्कळीत, नको असलेले, एवढीच त्याची ओळख होती, आणि ती त्याला भाभींनीच रोजच्या कामातून करून दिली होती. व्रण पुसताना माणसाचे काही बिघडत नाही, असे त्या धरून चालल्या होत्या. इथे व्रणच विचारला गेला होता.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टरसाहेब, तो फोटो म्या साफ केला होता.”

“साफ म्हणजे?”

“दाणे काढले. दाण्यासंगं दोरा बी गेला. तोंडाले दोरा हाय.”

“मूळ फोटो पाठवा.” तो पाहून त्यांचा आवाज आणखी हळू झाला. “ताई, हे गवताचं पातंही असू शकतं. एवढ्या पावसात अशक्त जनावराच्या मागे माणसं घालायची, तर मला खात्री हवी. आणखी एक मिळेल?”

भाभींना नाही म्हणायचे होते. गुडघा सुजला होता, बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता, आणि दुसऱ्याही वेळी चूक झाली तर ती कुणाच्या माथी मारायची जागा उरणार नव्हती. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला.

त्या दुपारी गाडी दोनदा रुतली. दुसऱ्यांदा राखी आणि गोविंदसिंग दोघेही चिखलात उतरून ढकलू लागले आणि भाभींना स्टिअरिंग धरायला लावले. “भाभी, तिकडं नका वळवू, तिकडं अकोला हाय,” गोविंदसिंग ओरडला. कुणी फारसे हसले नाही.

नर एकटाच उभा होता. पळण्याचे त्राण त्याच्यात नव्हते, म्हणून गाडी नेहमीपेक्षा जवळ जाऊ शकली. भाभींनी शटर मंद ठेवले आणि तो निश्चल होण्याची वाट पाहू लागल्या. तो अंग झटके, फोटो वाहून जाई. तो थांबे, लेन्सवर पाणी येई. राखी पदराने काच पुसून देत होती, पदर भाभींचा होता. असे कितीतरी वेळ चालले. मग त्याने मान वळवली आणि ती तशीच धरली. ज्या पावसाला त्या सकाळपासून शिव्या देत होत्या, त्याचेच थेंब त्या दोऱ्यावर ओळीने लटकले होते. नाकपुडीवरून, जबड्याखालून, गालावरून. गवताच्या पात्यावर थेंब असे वळसा घालत नाहीत.

फोटो घरी नेऊन पाठवण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचाच फोटो राखीने मोबाइलवर घेतला, तिरपा, दाण्यांनी भरलेला, कोपऱ्यात भाभींचा अंगठा असलेला, आणि रेंज मिळताच पाठवून दिला. उत्तरात यावेळी विशेषण नव्हते. “सकाळी निघतो.”

पथक आले. बेशुद्धीच्या इंजेक्शनची गरज पडली नाही. माणसांनी हातात धरलेल्या जाळ्याकडे हाकलताच नर कोसळल्यासारखा बसला. डोळ्यांवर कापड टाकले, शिंगांतली जाळी सोडवली, दोरा कापला. तो कातडीत रुतला होता. काढताना त्याबरोबर थोडे मांस आले. जखमेवर जांभळे औषध मारून त्यांनी कापड ओढले. नर उठला, काही पावले गेला आणि पाठ करून उभा राहिला. खाल्ले त्याने काहीच नाही.

“जगंन का?” भाभींनी विचारले.

“चार दिवस आधी...” डॉक्टर बोलता बोलता थांबले. “बघू. सांगता येत नाही.”

पुढचे दिवस भाभींनी दुकानात काढले. पावसाची झड लागली होती आणि अभयारण्यात कुणालाच जाता येत नव्हते. गिऱ्हाइके येत, सफाई मागत, त्या करून देत. नवा धंदा धरण्याइतके वय उरले नव्हते. फक्त पुसण्याआधी त्या चेहरा मोठा करून पाहू लागल्या, आणि त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागू लागला. एका मावशींनी कंटाळून म्हटले, “काय शोधून राह्यल्या माह्या थोबाडात?”

झड उघडल्यावर गोविंदसिंगचा फोन आला. आवाजात वारा होता.

“भाभी, नर दिसले. चारही हायत.”

“आपला?”

“तेच तर. जाळी नाही, औषध धुऊन गेलं. कोनता आपला, ते समजून नाही राह्यलं.”

“चरून राह्यले?”

“चारही. मान वर नाही करून राह्यले.”

स्टुलावर बसलेल्या मुलाने मान अवघडली म्हणून हलवली. भाभींनी त्याला तसेच बसायला हाताने खुणावले, फोन कानालाच धरला, आणि पलीकडून वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हते तरी तो बराच वेळ खाली ठेवला नाही.