अकरावी कुदळ

डोंगरावरून शंख ऐकू आला तेव्हा सिलियानाच्या चुलीवर मक्याच्या कण्या रटरटत होत्या. आज कोंबित, म्हणजे गावाने मिळून राबायची पाळी, तिच्या रानात होतं. ज्याच्या रानात गाव राबतं त्याने गावाला जेवू घालायचं आणि पुढे दुसऱ्यांच्या रानात आपलं माणूस पाठवायचं. सिलियानाचं माणूस म्हणजे तिचा मुलगा विल्नो. तो सहा वर्षांपूर्वी नावेत बसून बहामाला कामाला गेला. आला की सगळ्यांच्या पाळ्या फेडेल, असं ती सांगायची. दहा जण दरवर्षी यायचे आणि ओळीत त्याच्यापुरती जागा मोकळी सोडायचे.

विल्नो येणार नव्हता. त्याची नाव समुद्रात बुडाल्याचं तिला चार वर्षांपूर्वीच बाजारात एका मासेवालीने सांगितलं होतं. तिने ते कुणाजवळ बोलूनच दाखवलं नाही. मेलेल्याच्या पाळीवर कोण राबायला येणार? तिला लबाड म्हणणाऱ्याने आधी त्या चढावर साठीत एकट्याने कुदळ मारून दाखवावी.

जेवणाआधी पहिला डाव गेलेल्यांच्या नावाने जमिनीवर ओततात. ती नवऱ्याचं नाव घ्यायची, आईचं घ्यायची. पोटच्या पोराचं मात्र घेता येत नव्हतं. उपाशी ठेवलेला मेलेला माणूस माघारी येतो, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि गेल्या वर्षापासून तसंच झालं होतं. ढोलाच्या ठेक्यावर दहा कुदळी एकदम पडायच्या, आणि त्यांच्या मागोमाग अकरावी, सैल दांड्याची, खुळखुळणारी. पाचर मार म्हणून तिने विल्नोच्या किती विनवण्या केल्या होत्या.

आज ती सकाळपासून खुळखुळत होती. दुपारी माणसं आंब्याखाली येऊन बसली तरी रानातला तो आवाज थांबेना. सिलियानाने डाव उचलला, नवऱ्याचं नाव घेतलं, आईचं घेतलं. मग तिचा धीरच सुटला.

"विल्नो, जेव बाबा," ती म्हणाली आणि अख्खा डाव ओतला. "आईनेच उपाशी ठेवलं रे तुला."

वर मान न करता तिने सगळं सांगून टाकलं. तुम्हाला चार वर्षं फसवलं, जेवा आणि जा, उरलेलं रान पडू दे, म्हणाली.

ढोल वाजवणारा म्हातारा देरीवाल भांडं पुढे करत म्हणाला, "वाढ आधी. त्या बाजारात आम्ही पण जातो, सिलियाना."

"म्हणजे ठाऊक होतं? मग त्याची जागा कशाला सोडत होता, दादा?"

"तो यायचा ना." देरीवालने रानाकडे पाहिलं. "तुला एकटीलाच ऐकू येत होतं असं वाटलं काय?"

जेवून माणसं पुन्हा रानात उतरली. मधली जागा त्यांनी आजही सोडली. ज्या आवाजाने वर्षभर तिचा थरकाप उडाला होता, त्याच्यासाठी सिलियाना आता कानात प्राण आणून बसली. ढोल वाजला. दहाच कुदळी पडल्या. ती पुढच्या ठेक्याची वाट बघत राहिली. तेव्हाही दहाच पडल्या.