मनगटावरचं धाकटं

इमोगिरीच्या डोंगराखाली, बाटिक करणाऱ्या बायकांत, वागियेमचा उजवा हात सगळ्यांना ठाऊक होता. चांतिंग, म्हणजे कापडावर वितळलेलं मेण सोडणारी तांब्याची चोच, त्या हातात आली की रेघ केसासारखी बारीक उतरायची. बाई मात्र नाकावर माशी बसू द्यायची नाही. दुसरीची रेघ जाड पडली की तोंडावर म्हणायची, "हे काय, गांडूळ काढलंस?"

एका सकाळी चुलीवरची मेणाची कढई कलंडली आणि त्याच हातावर आली. जखम भरली, पण मनगटापासून अंगठ्यापर्यंत लाल, जाड व्रण वर आला. सारखा खाजायचा, अंगठा आत ओढून धरायचा. चांतिंग बोटांत उभीच राहीना. वर्षभर ती डाव्या हाताने दुसऱ्यांची कापडं रंगात बुचकळत राहिली आणि कुणालाही गांडूळ म्हणेनाशी झाली. तिचा नवरा कार्सो या बदलानेच घाबरला. त्याने तिला शहरातल्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर पालुपींनी नीट समजावलं. व्रणाला बारीक सुयांनी टोचायचं, म्हणजे आतली ओढ सैल होते. वर वारेचं पातळ आवरण लावायचं, शुद्ध करून, वाळवून पाकिटात ठेवलेलं. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. असं चार-पाच वेळा.

"कुणाची वार?" वागियेमने विचारलं.

"एका बाळंतिणीने दिलेली, बू." मोठ्या बाईला तिकडं बू, म्हणजे आई, म्हणतात.

वागियेम उठलीच. तिच्या गावात वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. त्याला मडक्यात घालून दाराशी पुरतात, पस्तीस दिवस दिवा लावतात.

"लोकांचं लेकरू बेवारस करून माझा हात बरा करू? जमायचं नाही."

"वार तिच्या घरच्यांनी नेली. आम्ही नुसता वरचा पापुद्रा घेतला, तोही आईला विचारून."

"नाव काय तिचं?"

"ते सांगता येत नाही."

"मग राहू द्या."

 घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना कार्सो म्हणाला, "त्या बाईनं तर देऊन टाकलंय. तू नको म्हणालीस, तर ते पाकिटातलं पोर जाणार कुणाच्या दारात?"

 पुढच्या आठवड्यात वागियेम स्वतःहून इस्पितळात गेली. बधिर करायचं मलम लावूनही सुया चुरचुरल्या. आवरण कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ होतं. आठवडाभराने ते वाळून घरीच सुटलं. कार्सो केरात टाकायला निघाला, तशी ती त्याच्यावर खेकसली. रीतीप्रमाणे छोट्या मडक्यात तो तुकडा, सुई-दोरा आणि चिमूटभर मीठ घालून तिने दाराशी पुरलं आणि दिवा लावला.

शेजारीण थबकली. "या वयात, वागियेम?"

"माझ्याकडं काय बघतेस?" कार्सो म्हणाला. वागियेमला लाज वाटली, पण दिवा तिने पस्तीस दिवस विझू दिला नाही.

चौथ्या खेपेनंतर व्रण मऊ पडला. डाग राहिला, पण अंगठा उघडला. तिने चांतिंग धरली, पहिली रेघ ओढली. जाड, वाकडी.

"गांडूळ," ती म्हणाली, आणि रडली.

पाचव्या खेपेला तिने डॉक्टरांपुढे घडी ठेवली. बाळाला कडेवर बांधून घ्यायचं कापड होतं, तिच्या हातचं. कोपऱ्यातली पहिली रेघ तिने तशीच ठेवली होती.

"नाव मला सांगू नका," ती म्हणाली, "पण हे तिच्यापर्यंत पोचवाल ना?"

"पोचवीन. काय सांगू तिला?"

वागियेमने मनगटावरून बोट फिरवलं.

"म्हणावं, तुमचं धाकटं माझ्याकडे आहे. सुखरूप आहे."