ऑफसाइड नसलेल्या मैदानावरचा स्टॉपर

बारा वर्षं मी फुटबॉल खेळून पोट भरलं आणि त्या बारा वर्षांत माझ्या नावावर एकूण दोन गोल लागले. त्यातला एक आमच्याच जाळ्यात. स्टॉपरचं, म्हणजे गोलपुढच्या बचाव खेळाडूचं, असंच असतं. गोल मारणाऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि ज्याने तीन गोल अडवले त्याचं नाव छापताना हमखास चुकतं. याचा मला पूर्वी फार राग यायचा. आता गुडघेच इतके दुखतात की रागाकडे लक्ष द्यायला सवड होत नाही, पण तो गेलाय असं मात्र कुणी समजू नये.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे फुटबॉल हा धंदा नव्हता, नोकरी होती. मोठ्या कंपन्यांचे संघ असत. कागदावर हेल्पर म्हणून घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ मैदानावर पिदडायचे आणि पगार द्यायचे तो खेळण्याचाच. जळगावला पिंप्राळ्यात वाढलेल्या मला अशी नोकरी जगात असते याचा पत्ताही नव्हता. आमचे वडील गवंडी. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. पिंप्राळ्यात तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मी बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली होतो. विटा द्यायच्या, घमेली उचलायची, भिंतीवर पाणी मारायचं आणि संध्याकाळी अंगावरचं सिमेंट न धुताच मैदान गाठायचं.

आमच्याकडच्या स्पर्धांची एक खासियत होती. त्यांत ऑफसाइड नसायचा. ज्यांना हा नियम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पास मिळताना पुढच्या खेळाडूने, गोलकीपर सोडून जो शेवटचा बचाव खेळाडू असेल, त्याच्या पलीकडे उभं राहायचं नाही. राहिला, तर बाजूच्या रेषेवरचा लाइन्समन झेंडा वर करतो आणि खेळ थांबतो. आता दोन लाइन्समन आणायचे कुठून? एक पंच मिळायची मारामार, तोही निम्म्या वेळी दोन्हीपैकी एका संघाचा मेहुणा. म्हणून पत्रकावर स्वच्छ छापलेलं असायचं, 'ऑफसाइड राहणार नाही.' परिणामी प्रत्येक संघ आपला एक माणूस समोरच्या गोलपाशी कायमचा मुक्कामाला ठेवायचा. त्याला आम्ही मुक्कामी गडी म्हणायचो आणि त्याला राखायचं काम माझं. चेंडू लांब असला की आमच्या गप्पा चालायच्या. कुणाच्या बहिणीचं कुठे जमलं, कापसाला यंदा बोंडं किती लागली, मला बठ्ठं, म्हणजे सगळंच, ठाऊक असायचं. पण चेंडू आला की त्याला मी पाय लावू द्यायचो नाही. माणूस सोडायचा नाही, एवढंच मी शिकलो होतो आणि ते मी चोख शिकलो होतो.

मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचे कोच जामनेरला लग्नाला आले होते. जेवणं आटोपल्यावर वेळ जाईना म्हणून ते बाजारपटांगणावर आमची मॅच बघायला आले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "वर्षभराच्या बोलीवर येतोस का? वर्षानंतर ठेवायचं की नाही ते मी ठरवीन." मी मॅच बघायला आलेल्या आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "जाय. नही जमनं तं घर शेच." दुसऱ्या आठवड्यात मी मुंबईला होतो आणि मला वाटत होतं, आता आपलं झालं.

कसलं झालं! पहिल्याच मॅचला कॅप्टनने हात वर केला आणि बॅकची सगळी ओळ दोन पावलं पुढे सरकली. समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड सापडावा म्हणून हा डाव. मी मात्र आपल्या माणसाला चिकटून मागेच. मी मागे, म्हणजे शेवटचा बचाव खेळाडू मी, म्हणजे तो ऑफसाइड नाही. त्याने निवांत गोल मारला. बाकीचे तिघे हात वर करून उभे होते आणि मला वाटलं, हे सगळे झोपलेत, आपणच एकटे जागे आहोत. गोलकीपरने त्या दिवशी मला ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या काही मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

हे एकदा नाही, तीनदा झालं. डोक्याला सगळं कळत होतं. कोचनी कॅरमच्या सोंगट्या मांडून समजावलं तेव्हा मीच त्यांना पुढची चाल सांगितली. पण मैदानात माणूस गोलकडे निघाला की पाय त्याच्यामागे जायचेच. संघात माझं नाव 'राखणदार' पडलं. सहाव्या महिन्यात मला बाहेर बसवलं. कोच तसे चांगले होते, पण गोड बोलणारे नव्हते. म्हणाले, "तू फार इमानदार आहेस रे, तीच पंचाईत आहे. फेब्रुवारीत धुळ्याला स्पर्धा आहे. तोवर बघतो, नाहीतर तिथूनच घरी जा. भाडंही वाचेल." धुळं! जळगावहून एवढंसं अंतर. म्हणजे नापास व्हायचं तेही आपल्याच माणसांसमोर. परत घमेली उचलायची मला लाज नव्हती, पण 'मुंबईहून परत आलेला' हे बिरूद घेऊन पिंप्राळ्यात फिरायची मला खरोखर भीती वाटत होती.

त्याच मनःस्थितीत चार दिवसांच्या रजेवर घरी आलो. घरी बसवेना, म्हणून कामावर गेलो. आबा एका कंपाउंडची भिंत घेत होते. मला बघताच त्यांनी लाइनदोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. भिंतीच्या दोन टोकांना ही बारीक दोरी ताणून धरायची आणि तिच्या रेघेत विटांचा थर लावायचा. लहानपणापासूनचं काम. दोरी धरून उभा राहिलो आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. आबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी थापी खाली ठेवली आणि विचारलं, "तठे तू कोनाकडे देखस?"

"ज्याला राखायचं त्याच्याकडे."

"मंग रेघ वाकडीच जाई ना भो. दोरी धरनारानी आधी बाजूले देखानं, मंग ओढानं. इतला वरीस हाई काम करस, ते तुले सांगनं पडस का?"

मी हसलो. मग हसायचा थांबलो. कोचनी सहा महिने मला 'पुढे सरक' असं सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण पुढे सरकण्याआधी कुठे बघायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी माणूस बघत होतो. ओळ मी बघतच नव्हतो.

मुंबईला परतल्यावर मी एवढाच एक सराव केला. चेंडू कुठेही असो, आधी मान बाजूला. कॅप्टन कुठे, तिसरा बॅक कुठे, रेषेवरचा लाइन्समन कुठे, आणि मग पाय. सुरुवातीला सगळे खो खो हसले, की याची मान आखडली आहे का. महिन्याभरात हसणं बंद झालं. तरी मॅचमध्ये कुणी मला घेतलं नाही, ते धुळ्याच्या सेमीफायनलपर्यंत. तिथे आमच्या एका बॅकचा घोटा सुजला आणि दुसरा माणूसच नव्हता, म्हणून कोचनी नाइलाजाने माझं नाव लिहिलं. नाइलाज त्यांच्या तोंडावर दिसत होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

धुळेकरांनी मैदान नुसतं भरून टाकलं होतं. लिंबाच्या झाडांवर पोरं, भिंतींवर माणसं, सायकली उभ्या करून त्यांच्या कॅरियरवर चढलेले वेगळेच. आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील, तेवढ्यात समोरून लांब चेंडू आला. कॅप्टनने हात वर केला. ओळ पुढे सरकली आणि ओळीबरोबर मीही सरकलो, अगदी सुतात. फॉरवर्ड सरळसरळ ऑफसाइड. त्या क्षणी सवयीने माझी मान बाजूला वळली. कॅप्टन जागेवर. तिसरा जागेवर. आणि त्यांच्यापलीकडे, रेषेवर, आमच्या बाजूचा लाइन्समन. स्थानिक शाळेतले एक मास्तर त्या दिवसापुरते उभे केलेले. त्यांनी झेंडा काखेत दाबला होता आणि खाली वाकून ते बुटाची नाडी बांधत होते.

झेंडा वर जाणार नव्हता. मैदानावर हे फक्त मला ठाऊक होतं. बाकीचे तिघे हात वर करून पंचाकडे बघत उभे, आणि मी जीव घेऊन मागे पळालो. फॉरवर्डने गोलकीपरला चकवलं आणि चेंडू सावकाश मोकळ्या गोलकडे ढकलला. तो सावकाशपणा त्याला नडला. मी घसरत गेलो, रेषेवरून चेंडू बाहेर काढला आणि खांबावर असा आदळलो की डावा खांदा आजही थंडीत आठवण देतो. उठलो तेव्हा काही ऐकू येत नव्हतं, एवढा गलका झाला होता. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

मॅच संपल्यावर कोचनी विचारलं, "सगळे थांबले, तू का पळालास?"

"सर, मास्तर नाडी बांधत होते."

कोचना असं हसू फुटलं की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हसून झाल्यावर कॅप्टनकडे वळून म्हणाले, "उद्या फायनलला लाइन हा बोलवेल." म्हणजे ओळीने कधी पुढे सरकायचं, ती हाक मी द्यायची. कॅप्टन माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, नावाजलेला खेळाडू. त्याने माझ्या दुखऱ्या खांद्यावर जोरात थाप मारली आणि म्हणाला, "बोलव राखणदार. पण मोठ्याने बोलव."

फायनलला आबा सकाळच्या गाडीने जळगावहून आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि कामावरचे दोघे जण सोबत. ते अगदी रेषेजवळ बसले. पहिल्यांदा लाइन बोलवायची वेळ आली तेव्हा माझ्या घशातून आवाजच निघाला नाही. मोठमोठ्या लोकांना मी काय हुकूम सोडायचा! समोरच्याने बारवर चेंडू मारला, थोडक्यात वाचलो. गोलकीपर ओरडला, "अरे, तोंड आहे ना तुला?"

दुसऱ्या खेपेला मी मान वळवली, ओळ पाहिली आणि छातीतला सगळा वारा एकदम बाहेर काढला, "चाला रे!"

मुंबईची मराठी त्या घाईत आठवलीच नाही. पण चारी जण एका पावलाने पुढे आले. फॉरवर्ड एकटा मागे राहिला आणि झेंडा वर गेला. धुळेकरांना ते 'चाला रे' भयंकर आवडलं. आपल्या बोलीत हुकूम, तोही मुंबईच्या संघाला! तिसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आत निम्मं मैदान ओरडलं. मग समोरच्यांनाही आधीच कळायला लागलं, पण कळून करतात काय? पुढे थांबले तर ऑफसाइड, मागे आले तर आमच्या पायात. त्यांचा फॉरवर्ड शेवटी इतका चिडला की त्याने दंडावरचा कॅप्टनचा पट्टा काढून फेकला. आम्ही दोन गोलने जिंकलो. कॅप्टनने ढाल उचलली आणि सगळ्यांत आधी माझ्या हातात दिली. तेव्हा मला वाटलं, पिंप्राळ्याच्या प्रत्येक घरात जाऊन हे सांगावं. आजही वाटतं.

आबा गर्दी संपेपर्यंत जागचे हलले नव्हते. कोच स्वतः त्यांच्याकडे गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, "आबा, तुमचा मुलगा आम्ही ठेवून घेतो. पर्मनंट. तुमची हरकत नाही ना?"

आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. मग माझ्याकडे न बघता सोबतच्या दोघांना म्हणाले, "सकाय एक मानूस देखा रे. मना हातखाले कोनी नही शे."

उद्या माणूस बघा, हाताखाली कुणी नाही, याचा मला आधी अर्थच लागला नाही. त्या दोघांपैकी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं. गेलं वर्षभर आबांनी माझ्या जागेवर कुणालाच घेतलं नव्हतं. साठीला आलेला माणूस स्वतः घमेली उचलत होता, स्वतः शिडी चढून विटा वर नेत होता आणि स्वतःच त्या लावत होता. लोकांनी किती वेळा म्हटलं, पण एकच उत्तर द्यायचे, "पोऱ्या परत उना तं त्यानी जागा पाह्यजे."

मी वळून पाहिलं तेव्हा आबा बसस्टँडकडे निघालेही होते.