काकाने पुढे केलेलं केळं

मी नऊ वर्षांची असताना काकाने मला चोपड्याच्या शेतावर, केळी पिकवायच्या खोलीत दिवसभर कोंडलं. त्याच्या मोटारसायकलचा आरसा माझ्या हातून फुटला होता, एवढाच गुन्हा. तेव्हापासून पिकल्या केळ्याचा वास आला की माझा श्वास अडकायचा. दर हिवाळ्यात भरीत पार्टीला सगळे नातलग शेतावर जमले की काका मुद्दाम ओरडायचा, "हिले केळं द्या रे!" मी उठून पळायचे आणि सगळे खो खो हसायचे.

शेवटी जळगावात एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ती खोली मनात आणा आणि नजर माझ्या बोटांमागे फिरवा, अशाने आठवणीचा धाक कमी होतो." डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी आधीच बजावलं, "मी त्याला माफ करणार नाही हं." त्या म्हणाल्या, "मी कुठे सांगितलं?" काही महिन्यांनी खोली आठवायची, पण श्वास चालू राहायचा. राग मात्र होता तसाच होता.

यंदा काका ओरडला तेव्हा मी केळं घेतलं, त्याच्यासमोर बसून सोललं आणि खात खात सगळ्यांना सगळं सांगितलं. ती खोली, बाहेरून लावलेली कडी, दाराआडून ऐकू येणारं त्याचं हसणं. या वेळी कुणीच हसलं नाही. काका आपल्या बाजूचा एक तरी चेहरा शोधत होता. त्याची नजर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे.

मी दुसरं केळं मागितलं.