दादांच्या गाडीचा आवाज गेला तेव्हा

चाकाचा हब उघडला आणि आतून पाणी गळालं. ग्रीसच्या जागी दुधाच्या चहासारखा पातळ राडा होता. तो बोटावर घेऊन मी दादांना दाखवला.

“दादा, गाडी पाण्यात घातली व्हती का?”

“फोर बाय फोर हाय मिस्त्री. पाण्यात न्हाई घालायची तर काय देवघरात ठिवायची?”

दादा पालीच्या पुढच्या एका गावचे. दर रविवारी धरणाच्या सांडव्याखालच्या ओढ्यात गाडी घालायची, पोरांनी रील काढायचं, हा त्यांचा नेम. त्यांना सरपंच व्हायचं होतं. त्याच दुपारी मारुतीच्या पारावर गावाची बैठक होती. निवडणूक बिनविरोध करायची, नाव एकच, आपलं, असं दादा सांगत होते.

स्टिअरिंग थरथरतं म्हणून त्यांनी गाडी आणली होती. आवाजाची तक्रार नव्हती. खरं तर डावं पुढचं चाक असं घुरघुरायचं की गाडी येण्याआधी आवाज यायचा. “गाव लांबूनच वळखतंय, दादा आले म्हनून,” ते कौतुकाने म्हणाले.

हब उघडण्याआधी जॅकवर घेतलं, तेव्हा ते चाक हलणाऱ्या दातासारखं डुगडुगत होतं.

“वरून ग्रीसगन मारा अन् सोडा.”

“वरून मारायला इथं ग्रीस भरायचं निपलच न्हाई. आन् हे चाक वाटंत निसटलं, तर बैठकीला तुमच्या आधी तेच पोचंल.”

दादा खुर्चीत बसले. मला या कामात घाई खपत नाही.

चाक फिरतं ते हबमधल्या दोन बेअरिंगवर. त्यांच्या रोलरांना ग्रीस लागतं आणि पाणी आत येऊ नये म्हणून मागे रबरी सील असतं. दादांचं सील फाटलं होतं, रोलरांवर गंजाचे डाग होते. त्या चाकाची दोन्ही बेअरिंग आणि सील नवं टाकलं. तळहातावर ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग नट पूर्ण आवळायचा, जरा मागे घ्यायचा आणि बेताने बसवायचा. फार आवळला की बेअरिंग जळतं. आपल्याकडे बहुतेक जण आवळूनच थांबतात. उजव्या चाकाचं ग्रीस तेवढं बदललं.

बैठकीची वेळ झाली होती, म्हणून ट्रायल दादांच्या गावाकडेच घेतली; मीही गाडीत बसलो. आवाज पार गेला होता.

“कायतरी चुकल्यागत वाटतंय,” दादा म्हणाले.

गावाच्या उतारावर गाडी हळू होती. मी म्हणालो, “न्यूट्रल करा, इंजिन बंद करा. बेअरिंग ऐकू द्या.” गाडी गुपचूप उतरली आणि पाराच्या मागे थांबली. माणसं पाठमोरी बसली होती.

“दादाची गाडी आली का?” कुणीतरी विचारलं.

“आवाज न्हाई अजून. बोला निवांत.” हे दादांचे सख्खे चुलते. “पोरगं आपलंच हाय, पर सरपंच नगं. आज गाडी पाण्यात घालतंय, उद्या गाव घालंल. बचत गटाच्या कुसुमबाईचं नाव पक्कं करा. त्यो आला की समद्यांनी म्हनायचं, दादा, तुमी तालुक्याचं बघा, गाव लई ल्हान हाय तुमाला.”

सगळे हसले. तेवढ्यात एकाने मागे वळून पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं.

मी खाली उतरून हबला हात लावला. हब तापला नाही ना, हे ट्रायलनंतर बघावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर मला दादांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. सकाळपासून मनात त्यांना हसत होतो, त्याची लाज वाटली. हब गार होता.

दादा पारावर चढले. “मीच सांगनार व्हतो,” ते म्हणाले, “कुसुमबाईंचंच नाव घ्या. आपला पाठिंबा हाय.” टाळ्या पडल्या. चुलत्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

परतताना दादा समोर बघतच म्हणाले, “मिस्त्री, आवाज कावून घालवला?”

काम तर चोख झालं होतं.

आता आवाजाची गाडी आली की मी आधी विचारतो, त्रास नेमका कुणाला होतोय? दादांना त्या आवाजाचा अभिमान होता आणि गावाला उपयोग. दोघांचंही बरं चाललं होतं.